कोपरापुढचे दोन सेंटीमीटर

मास्तरांनी आयुष्यात दोनच गोष्टी हरवल्या, केस आणि टेप. केस गेले त्याबद्दल त्यांनी बायकोला कधी जबाबदार धरलं नाही. टेपेबद्दल मात्र रोज धरलं.

शिवणकामाचं दुकान ते केवढं. पुढे काउंटर, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम आणि दोन मशिनं. पुढच्या मशिनवर मास्तर, मागच्यावर बायको. एवढ्याशा जागेत माणसाने स्वतःला हरवायचं म्हटलं तरी जमणार नाही, पण टेप हरवायची. हरवली की मास्तर मान वर न करता विचारायचे, "अगं, टेप कुठं ठेवलीस?" चौकशी सुरू व्हायच्या आतच गुन्हेगार ठरलेला असायचा.

लग्न नवं होतं तेव्हा बायको हसायची. पुढे चिडायला लागली. हल्ली मात्र ती गुपचूप उठून शोधायला लागायची. बटणांच्या डब्यात, पडद्यामागे, चिंध्यांच्या पोत्यात, आणि एकदा तर घरी जाऊन पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून आली. टेप काही मिळायची नाही. शेवटी ती गल्लीच्या टोकाला जाऊन नवी विकत आणायची, आणि मास्तर म्हणायचे, "मिळाली ना? मी म्हटलंच होतं, तुझ्याकडेच असणार."

एके सकाळी हे वाक्य ऐकून बायकोने हातातलं काजाचं काम खाली ठेवलं.

"यापुढे एकदा जरी मला टेपेबद्दल विचारलंत," ती म्हणाली, "तर मी बहिणीकडे निघून जाईन. कायमची."

ती ओरडली असती तर मास्तरांनी कानाडोळा केला असता. पण तिने हे अगदी शांतपणे सांगितलं आणि परत काज करायला घेतलं. तिच्या बहिणीच्या घरी एक खोली रिकामी होती आणि मास्तरांबद्दलचं मत तयार होतं.  पण मागून बायकोच्या मशिनचा आवाज येत नसेल तर मास्तरांना सरळ शिलाई घालता येत नसे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण असलं काही सांगायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आता कुणी शहाणा माणूस असता तर त्याने टेप ठेवायला भिंतीत एक खिळा ठोकला असता. मास्तर शहाणे होते, पण फक्त कापडाच्या बाबतीत.

त्याच दिवशी नेहमीचा एक आचारी शर्ट घेऊन आला. त्याला बाह्या कोपराच्या वर हव्या होत्या, कारण हातावर त्याने नवाकोरा टॅटू काढून घेतला होता. झारा, कढई आणि वर निघणारी वाफ.

"निघत नाही ना हे?" मास्तरांनी विचारलं.

"जन्मात नाही."

"हरवत नाही?"

"हात हरवला तर हरवेल," आचारी म्हणाला.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आचाऱ्याकडून पत्ता घेऊन ते दुसऱ्याच दिवशी, कापड बघायला जातो अशी थाप मारून, गोंदणाऱ्या मुलीच्या दारात हजर झाले.

दुकान कसलं, दवाखानाच. पांढऱ्या भिंती, प्लास्टिक गुंडाळलेली खुर्ची, वाकणाऱ्या मानेचा उंच दिवा आणि साबणाचा वास. मुलगी तिशीच्या आतली, दोन्ही हात गोंदलेले, अंगात काळा एप्रन. मास्तरांनी तिला सांगितलं की आपल्याला डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, टेप गोंदवून हवी आहे. सेंटीमीटर आणि मिलीमीटर दोन्ही. आणि अगदी बिनचूक.

मुलीने आजवर वाघ काढले होते, गुलाब काढले होते, एकाच्या पाठीवर त्याच्याच पाठीचं चित्र काढलं होतं. तिने डोळेसुद्धा मोठे केले नाहीत.

"चालेल काका," ती म्हणाली. "पण आधी नीट ऐकून घ्या, मागाहून मला बोल लावू नका. येताना पोटभर जेवून यायचं. आदल्या दिवशी दारू नाही. झोप नीट झालेली हवी. हाताला तेल, क्रीम काही लावायचं नाही. सोबत एकच माणूस, तोही गप्प बसणारा. डिझाईन मी काढणार आणि त्याच दिवशी दाखवणार. बारीकसारीक बदल करून देईन, पण सगळंच बदला म्हणालात तर नवी तारीख."

मास्तर माना डोलवत होते. पण इथवर येईतो त्यांची नजर तिच्या एप्रनवर गेली, आणि गेली ती गेलीच. खालची दुमड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, आणि कडेला चक्क एक चुणी. असं शिवून कुणी पैसे कसे घेतो? ती मुलगी यानंतरही बराच वेळ बोलत होती. हात किती दिवस जपायचा, वर काय लावायचं, काय घासायचं नाही, उन्हात कधी जायचं नाही. त्यातलं एक अक्षरही मास्तरांच्या कानात शिरलं नाही.

"कळलं ना सगळं?" तिने विचारलं.

"कळलं," मास्तर म्हणाले. "तो एप्रन काढून दे. दुरुस्त करून देतो."

तिने दुसरा एप्रन चढवला आणि तो त्यांच्या हवाली केला. घरी गेल्यावर हाताची लांबी नीट मोजून फोनवर कळवा, असंही सांगितलं. हे मात्र मास्तरांनी कान देऊन ऐकलं, कारण हे मापाचं होतं.

ठरल्या दिवशी मास्तर गेले ते पोट तट्ट फुगवून. पोटभर म्हणजे पोटभर, म्हणून त्यांनी दोन माणसांचं जेवण एकट्याने जेवलं होतं. वर हातावर खडूने आखणी करून आणली होती, मनगटाशी एक रेघ, कोपराशी एक रेघ, मधे बाण. मुलीने ते सगळं ओल्या कापडाने पुसून टाकलं. मग तिने जांभळ्या शाईतला कागदी छाप काढला. हा छाप आधी कातडीवर उमटवायचा आणि मग त्यावरून सुई फिरवायची, अशी पद्धत. तिने कागद हातावर धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पट्टी कोपर ओलांडून दोन सेंटीमीटर पुढे गेली होती.

"काका, माप तुम्हीच दिलंत ना?"

"मीच. माया धरून दिलं."

"कसली माया?"

"शिलाईची. कडेला थोडं जास्त सोडायचं असतं. पुढे माणूस जाड झाला तर उसवून वाढवता येतं."

 "काका," ती हळूच म्हणाली, "हात उसवता येत नाही."

मास्तर वरमले. इतकी वर्षं माप सांगितलं की तोंडातून माया धरूनच आकडा निघायचा, त्याला ते तरी काय करणार. मुलीने समजूत घातली. काही बिघडलं नाही, म्हणाली, कोपराच्या घडीपुढे सुई फार लागते, शिवाय तिथलं काम नीट टिकतही नाही. कॉम्प्युटरवर चित्र थोडं लहान करते, पाच मिनिटांत बसेल.

"लहान करते?" मास्तर ताडकन उठून बसले. "अगं, फूल लहान केलं तर फूलच राहतं. सेंटीमीटर लहान केला तर तो सेंटीमीटर राहतो का?"

 तिच्या धंद्यात हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. शेवटी कागदाचे पुढचे दोन सेंटीमीटर कापून टाकायचे ठरले, आणि तिने उचललेली बोथट कात्री बघून मास्तरांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः कापला.

छाप उमटला. मास्तरांनी खिशातून टेप काढून पडताळून पाहिलं. तंतोतंत. मग सहज त्यांनी मनगट फिरवलं, आणि हातावरची पट्टी पिळल्यासारखी तिरपी झाली. परत टेप लावली. आकडा चुकत होता. मास्तरांचा चेहरा खाडकन उतरला.

"कातडी आहे काका," मुलगी म्हणाली. "वळवाल तशी वळणार, ताणाल तशी ताणणार. हात टेबलावर सरळ, तळवा वर, असा ठेवाल तेवढाच सेंटीमीटर खरा."

"उरेब कापड," मास्तर स्वतःशीच पुटपुटले. तिरकं कापलेलं कापड असंच छळतं, हातात एक माप आणि अंगावर दुसरं. उरेब कापडाशी आपलं जन्मभर पटलं आहे, तर स्वतःच्या हाताशीही पटेल, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

आकडे कुणीकडे तोंड करून हवेत यावरही थोडी झकाझकी झाली. मुलीचं म्हणणं, हातावरचं चित्र समोरच्याला सरळ दिसावं, अशीच रीत आहे. मास्तरांचं म्हणणं, समोरच्याला काय करायचंय, मोजणार मी. मास्तर जिंकले. टेपेचं काम झालं होतं, ती त्यांनी सवयीने दिव्याच्या मानेत टाकली आणि हात पुढे केला.

"दुखेल हं थोडं."

"सुयांमध्ये आयुष्य गेलं माझं."

"सुई धरण्यात गेलं काका," ती म्हणाली आणि मशिन सुरू केलं.

मनगटाशी मास्तर हसत होते. मधल्या भागात ते हवापाण्याबद्दल बोलायला लागले. कोपराजवळ आल्यावर त्यांनी डोळे मिटून आपल्या आईला हाक मारली, आणि ती बिचारी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

संध्याकाळी लांब बाहीचा शर्ट घालून मास्तर दुकानात आले आणि बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. हात प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला, आत सुजलेला, ठणकणारा, शाई पाझरणारा. पण मनातून स्वारी खूश होती. आता या जन्मात टेप विचारायची वेळ येणार नाही.

ती वेळ दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. बँडमध्ये भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा एक गृहस्थ गणवेशाची पँट शिवून घ्यायला आला. वाद्य मोठं की पोट मोठं असा प्रश्न पडावा अशी अंगकाठी. मास्तरांनी ऐटीत बाही वर सारली आणि तिथेच थबकले. हा हात कुणाच्या कमरेला टेकवायचा कसा? नुसता वारा लागला तरी डोळ्यांत पाणी येत होतं. मुलगी काहीतरी सांगत होती खरी, हात जपायचं, काही आठवडे. तेव्हा आपण एप्रनची चुणी बघत होतो.

बायको मागच्या मशिनवर होती. मास्तरांनी गळा चाचपला, टेबल चाचपलं, ड्रॉवर उघडला. टेप नव्हती. सवयीने तोंड उघडलं, "अगं..."

मशिन थांबलं.

"काय?" बायकोने विचारलं.

मास्तरांना बहिणीच्या घरची ती रिकामी खोली डोळ्यांसमोर दिसली. "काही नाही," ते म्हणाले. "आज उकडतंय."

मशिन परत सुरू झालं. घाईघाईत मास्तरांनी टेबलाखालच्या खोक्यात हात घातला, हाताला लागली ती पट्टी ओढून काढली आणि तिनेच गिऱ्हाइकाची कंबर मोजली, गाठ मारली, लांबी मोजली, गाठ मारली. बँडवाला म्हणाला, "मास्तर, नवीन पद्धत दिसतेय." मास्तर म्हणाले, "जुनीच. आता कुणाला येत नाही."

ती पट्टी इलॅस्टिकची होती. पोटाभोवती ताणून मोजली तेव्हा ती पोटाएवढी होती, आणि टेबलावर सैल पडली तेव्हा आखडून निम्मीच उरली होती. शिंप्याच्या पोरालाही कळावी अशी गोष्ट, पण भीतीने माणसाचं कसब जातं हेच खरं. मास्तरांनी गाठींवर विश्वास ठेवून कापड कापलं, सफाईदार शिवलं आणि इस्त्री करून टांगून ठेवलं.

बायको पँटकडे बघत राहिली. "ही कुणाची?"

"बँडवाल्याची."

"त्याच्या मुलाची का?"

तेवढ्यात बँडवाला स्वतःच ट्रायलला आला. त्याने पँट पोटाशी धरली आणि एकदा पँटकडे, एकदा मास्तरांकडे पाहिलं. आणि नेमकी त्याच वेळी दारातून गोंदणारी मुलगी आत आली.

"काका, एप्रन झाला का? आणि ही घ्या तुमची टेप. माझ्या दिव्यावरच राहिली होती."

 बायको उठून पुढे आली. "कुठल्या दिव्यावर?" तिने विचारलं. मग सगळंच बाहेर आलं. मुलीने सांगितलं, मास्तरांनी बाही वर केली, आणि बायकोने हातावरच्या पट्टीकडे नुसतं बघितलं. 

"अरे हो," बँडवाल्याला आठवलं, "तुमची एक माझ्याकडेही आहे. मागच्या वेळी छाती मोजलीत आणि माझ्याच गळ्यात टाकलीत. मी तशीच घरी नेली. मला वाटलं कोटाबरोबर देतात."

"आचारी काकांकडेही बघितलीय मी," मुलगी म्हणाली. "ते म्हणत होते, भले माणूस आहेत, दर शर्टामागे एक टेप देतात."

एवढं बोलल्यावर आपण भलतंच काही बोलून बसलो हे तिला बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. बायको हसत नव्हती. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

"मला वाटत होतं माझंच डोकं फिरत चाललंय," ती म्हणाली. "मी ठेवते आणि मलाच आठवत नाही. मी रात्री उठून उशीखाली बघायचे. पिठात हात घालून बघायचे. शेवटी बहिणीला सांगितलं, मला तुझ्याकडे ने, दुकानात माझ्या हातून एखाद्या दिवशी काहीतरी भलतं व्हायचं." तिने मास्तरांकडे पाहिलं. "टेपेचा कंटाळा आला म्हणून नव्हते जात मी. घाबरले होते."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. कोपरावर सुई फिरत होती तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. इतकी वर्षं ती एकटीच शोधत होती आणि आपण मान वर करून बघितलंही नाही. ते तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले, शिंप्याला बसायला तीच जागा बरी.

"चुकलो गं," ते म्हणाले. "तू जाऊ नकोस. मागे तुझं मशिन नसलं तर माझी शिलाई वाकडी जाते."

हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. बँडवाल्याने संकोचाने ती इवलीशी पँट चेहऱ्यासमोर धरली.

बायको स्टुलावरून उठली आणि मास्तरांनाही तिने उठवलं. मग तिने मास्तरांचा हात ओढून घेतला, टेबलावर सरळ, तळवा वर असा ठेवला, आणि मुलीने आणलेली टेप त्याच्याशेजारी मांडली. एकेक रेघ तपासली. शिंप्याच्या बायकोची तपासणी, मुलीनेही श्वास रोखून धरला.

"काम चोख आहे," ती मुलीला म्हणाली. "पण इथे, कोपराच्या पुढे, जागा दिसतेय. तिथे काही लिहिता येईल?"

"काकू, तिथे फार दुखतं. आणि हे भरून आल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

"मग भरून येऊ दे. काय लिहायचं ते मी माझ्या अक्षरात देते."

तिने खडू घेऊन कापायच्या टेबलावर लिहिलं, "मीच विसरलो."

मुलीने मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर सुई नाचली. "दोन सेंटीमीटरमध्ये बसेल?" त्यांनी विचारलं.

"बसवते."

"मग बसव," मास्तर म्हणाले. "माया उगीच धरत नाहीत."

हात बरा झाल्यावर ठरल्या दिवशी दोघं मिळून गेले. मास्तर बेताने जेवले होते आणि मुलीच्या सूचना शेवटपर्यंत ऐकल्या होत्या, दोनदा. तिच्या अंगात दुरुस्त केलेला एप्रन होता आणि दुमड सगळीकडे सारखी होती. सोबतचं एकच माणूस आणलं होतं, पण ते गप्प बसणारं नव्हतं.

"अक्षरं कुणीकडे तोंड करून?" मुलीने विचारलं. "काकांना सरळ दिसतील अशी, की समोरच्याला?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग बायकोकडे पाहिलं आणि मिटलं.

"समोरच्याला," बायको म्हणाली. "वाचायचं मला आहे."

सुई कोपरापुढे टेकली तशी मास्तरांनी परत एकदा आईला हाक मारली. बायकोने त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला, आणि काम संपून निघताना दिव्याच्या मानेतली टेप आठवणीने काढून स्वतःच्या पिशवीत टाकली.